दरवाजाचा पॅड उघडताना

कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या प्रीमियर पद्मिनीत बसलं की गाडी आतून कशाची आहे हे विचारावं लागत नसे. डॅशबोर्ड पत्र्याचा, दरवाजाच्या आतल्या बाजूला रेक्झिन चढवलेल्या हार्डबोर्डचा पॅड. काय कशाने बसवलंय ते बहुतेक समोरच दिसायचं. काच अडकली की मेस्त्री दारापाशी उकिडवा बसायचा आणि स्क्रू एकेक करून डबीच्या झाकणात ठेवायचा. "जरा जपून हं मेस्त्री," असं वडील म्हणाले की उत्तर ठरलेलं, "साहेब, तुम्ही चहा सांगा."

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि मेस्त्रींच्या हातात नव्या युक्त्या आल्या. काच खाली-वर करायच्या हँडलमागे घोड्याच्या नालेसारखी वाकवलेली तारेची क्लिप असायची, बाहेरून न दिसणारी. हँडल आणि पॅड यांच्या फटीत जुन्या धोतराची चिंधी सरकवायची, दोन्ही टोकं धरून करवतीसारखी इकडून तिकडे ओढायची. चिंधीचा धागा क्लिपच्या टोकाला अडकला की ती टणकन उडायची. मग गॅरेजमधला पोऱ्या ती शोधत फरशीवर रांगायचा.

आता गाडीच्या पोटात नायलॉनच्या क्लिपांचं राज्य आहे. कारण साधं आहे: असेंब्ली लाइनवर स्क्रू फिरवत बसण्यापेक्षा क्लिप तळव्याने दाबली की काम झालं. वजन कमी आणि गंजही नाही. हा हिशेब मला पटतो. जुना हार्डबोर्ड पावसाळ्यात दमट होऊन फुगायचा आणि क्लिपांची भोकं खिळखिळी व्हायची, हे आठवणींच्या नादात विसरू नये.

अडचण आहे ती उघडण्याची. घाईतला माणूस चपटा स्क्रू ड्रायव्हर पॅडच्या कडेखाली घालतो आणि वर उचकतो. कडेवर दात उमटतात, रंग खरवडतो, क्लिपचं डोकं तुटून बूड दाराच्या भोकात अडकून बसतं. खरं तर आधी लपलेले स्क्रू शोधायचे. आतल्या हँडलच्या खोबणीत एक छोटं झाकण असतं, त्याखाली एक. दार ओढायच्या पकडीत आणखी एखादा. ते राहिले, तर कितीही ओढा, पॅड हलणार नाही. हललाच तर तडकेल. स्क्रू निघाले की प्लॅस्टिकची पट्टी घ्यायची, पॅडच्या फटीत बोटाने चाचपून क्लिप कुठे आहे ते हेरायचं आणि पट्टी तिच्या अगदी शेजारी घालून उचलायचं. लांबून उचललं की पॅड वाकतो. कडेला मास्किंग टेप लावली की ओरखडा पडत नाही. थंडीत नायलॉन कडक होतं. हेअर ड्रायरची ऊब दिली तर क्लिप जिवंत निघते. सगळ्या क्लिपा सुटल्या तरी पॅड फटकन बाहेर ओढायचा नाही. मागे काचेच्या स्विचची वायर असते आणि दार उघडायची केबल.

काही क्लिपांच्या मधोमध खिळ्यासारखी पिन असते. काहींची पिन वर काढायची, काहींची हलकेच आत दाबायची. मग पाय सैल पडतात. न बघता उपटलं की पाय मोडलेच.

पुढच्या काचेच्या कडेचा खांब मात्र वेगळा. ज्या गाडीत पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग आहे, तिथे बॅटरी काढून, कंपनीच्या पुस्तिकेत दिलेल्या मुदतीपर्यंत थांबल्याशिवाय हात लावायचा नाही. जुन्या मेस्त्रीला अशी भीती नव्हती, कारण पत्र्याखाली पत्राच होता.

पॅड निघाल्यावर दिसणारा प्लॅस्टिकचा पातळ कागद अनेक जण फाडून टाकतात. मला ते बघवत नाही. काचेवरून दारात उतरणारं पाणी तो अडवतो. तो नसेल तर जुलैत पायाखालचा गालिचा ओला होतो आणि मालक काचेच्या रबराला दोष देत बसतो.

बसवताना दारात अडकलेली बुडं आधी काढायची, मोडकी क्लिप बदलायची. एकही कमी पडली तर खड्ड्याखड्ड्याला खडखड सुरू. आणि नवी क्लिप आणायला जावं, तर दुकानदार गाडीचं मॉडेल विचारतो, वर्ष विचारतो, पुढचं दार की मागचं तेही विचारतो. पद्मिनीचा स्क्रू हरवला तर मेस्त्री पत्र्याच्या डब्यात हात घालून दुसरा काढून द्यायचा, तो कुठल्या गाडीचा हे त्याला माहीत नसायचं आणि दारालाही चालायचं.