आपलेच दांत, आपलेच ओठ

दांत आहेत तर चणे नाहींत आणि चणे आहेत तर दांत नाहींत, अशी आपल्याकडे म्हण आहे. तरुणपणीं चणे परवडत नाहींत व म्हातारपणीं ते चावत नाहींत, एवढाच तिचा अर्थ आम्ही आजवर समजत आलों होतों. परंतु घरांत चण्यांना तोटा नाहीं, ते आणणारा मुलगा कर्तबगार आहे, आणि तरीहि एक वृद्ध स्त्री दांताचें दुखणें कोणास न सांगतां कालवलेला वरणभात मुकाट्यानें गिळते आहे, असा प्रकार 2025 च्या मे महिन्यांत आम्हीं डोळ्यांनीं पाहिला. त्याचा उलगडा करतां करतां एका परक्या सरकारचे नियम आम्हांला वाचावे लागले, आणि त्या नियमांतील एका शब्दामुळें त्या घरांत दोन दिवस अबोला पडला. तो शब्द म्हणजे ‘कुटुंब’.

आमची थोरली बहीण, जिला आम्ही सारीं भावंडें अक्का म्हणतों, ती कॅनडांत टोरोंटोजवळ मिसिसागा या गांवीं राहते. तिला तेथें जाऊन तीस वर्षें होऊन गेलीं. यजमान एका लहानशा कारखान्यांत होते. ते वारल्यापासून ती मुलासुनेजवळ असते. ती थोरली आणि आम्ही शेंडेफळ. दोघांत पंधरा वर्षांचें अंतर. आमचा पहिला दुधाचा दांत पडला तेव्हां तो शेणाच्या गोळ्यांत घालून कौलावर फेंकणारी अक्काच. म्हणून असेल, तिचें जेवण बदललें आहे हें आमच्या चटकन् ध्यानांत आलें. भाकरी ती दुधांत भिजवून खाई. शेंगदाण्याच्या चिक्कीचा डबा पुढें केला तर हात गालाकडे जाई.

“अक्का, किती दिवस दुखतंय?” आम्हीं एकदां तिला एकटी गांठून विचारलें.

“वर्ष झालं असेल.”

“आणि पोराला सांगितलं नाहींस?”

“काय सांगायचं, अरे? इथें दांत म्हणजे सोन्याचा भाव. त्याच्यामागें घराचे हप्ते, मुलांचीं शिक्षणं. म्हातारीच्या दांतापायीं त्याला कशाला खर्चांत घालूं?”

सोन्याचा भाव हा शब्द तिनें उगाच वापरला नव्हता. कॅनडांत आजारी माणसास इस्पितळांत बिल द्यावें लागत नाहीं, अशी त्या देशाची कीर्ति आहे व ती बव्हंशीं खरी आहे. परंतु ज्या 1984 च्या कायद्यावर ही व्यवस्था उभी आहे त्यांत दंतवैद्यक येत नाहीं. इस्पितळांतच करावी लागणारी दांतांची शस्त्रक्रिया तेवढी येते. न्यायमूर्ति एमेट हॉल यांच्या आयोगानें मुलांच्या दांतांची तरी सोय राष्ट्रानें करावी अशी शिफारस 1964 सालीं केली होती. ती तशीच राहिली. म्हणजे माणसानें तोंड उघडल्यावर घसा सरकारचा, जीभ सरकारची, आणि मधले बत्तीस दांत मात्र ज्याचे त्याचे! ज्यांस चांगली नोकरी आहे त्यांचा दांतांचा विमा धनी उतरवितो. आमच्या भाच्याचा तसा विमा आहे. परंतु त्यांत तो, त्याची बायको आणि मुलें एवढींच येतात. आई येत नाहीं.

असें बोलणें चाललें असतां अक्का उठली आणि देव्हाऱ्याखालच्या खणांतून एक लिफाफा घेऊन आली. 2024 सालच्या आरंभीं आलेलें तें सरकारी पत्र होतें. ‘कॅनेडियन डेंटल केअर प्लॅन’ या नांवाची योजना 2023 च्या डिसेंबरांत त्या सरकारनें जाहीर केली होती. तिच्यांत प्रथम वृद्धांचे अर्ज घेतले. त्यांवर उपचार 1 मे 2024 पासून सुरू झाले. मग अपंग व मुलें आणि 2025 सालीं बाकीचीं प्रौढ माणसें, असा तिचा विस्तार झाला. तुम्ही या योजनेस पात्र असाल असें वाटतें, तरी अर्ज करावा, असें त्या पत्राचें म्हणणें. अक्कानें तें वाचून, नीट घडी करून, ठेवून दिलें होतें. “हें गरीबांसाठीं आहे,” ती म्हणाली. “माझा मुलगा एवढा मिळवतो. आपण कशाला दुसऱ्याच्या तोंडचं काढायचं?”

त्या रात्रीं मामाभाचे योजनेचे नियम वाचीत बसलों. इंग्रजी शिकवून केंस पिकविलेल्या आम्हांलाहि सरकारी इंग्रजीपुढें दोनदां थांबावें लागलें. अटी चारच. अर्जदार कराच्या दृष्टीनें कॅनडाचा रहिवासी हवा. त्यामुळें आमच्यासारखा पाहुणा आपोआपच बाहेर. मागील वर्षाचें उत्पन्नाचें विवरणपत्र त्यानें, आणि जोडीदार असल्यास जोडीदारानेंहि, भरलेलें हवें. कर लागो वा न लागो. दांतांच्या खासगी विम्याची वाट त्याला मोकळी असूं नये. आणि कुटुंबाचें निव्वळ उत्पन्न वर्षाला 90,000 डॉलरांच्या आंत हवें. तें 70,000 च्या आंत असेल तर योजनेनें ठरविलेल्या दरांपैकीं अर्जदारास कांहीं द्यावें लागत नाहीं; 70,000 पासून 80,000 च्या आंत असेल तर शेंकडा 40 आणि त्यापुढें 90,000 च्या आंत असेल तर शेंकडा 60 वांटा त्यानें उचलावयाचा.

कुटुंबाचें उत्पन्न म्हटल्याबरोबर भाच्यानें मान हलविली. “मामा, आम्हां दोघांचंच त्याच्यावर जातं. संपलं.” आणि तो झोंपायला गेला.

आम्हांला झोंप आली नाहीं. व्याख्या वाचल्यावांचून उत्तर लिहूं नये, असें आम्ही विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षें बजावीत आलों. तेव्हां आपणहि ती वाचावी, असें वाटलें. ती पाहतां असें दिसलें कीं, येथें उत्पन्न मोजतात तें अर्जदाराचें आणि त्याच्या पतीचें वा पत्नीचें. मिळवत्या मुलाचें नाहीं, सुनेचें नाहीं. मग तीं एका छपराखालीं राहोत कीं एका पंक्तीला जेवोत. अक्काचे यजमान नाहींत. तिचें उत्पन्न म्हणजे सरकारकडून येणारें वृद्धांचें वेतन. तिच्या नांवाचें विवरणपत्र भाचा दरवर्षीं इमानानें भरीत होता. सरकारच्या हिशेबीं अक्काचें कुटुंब म्हणजे एकटी अक्का, आणि तें कुटुंब चारहि अटींना पुरून उरत होतें.

आपण मोठा शोध लावला या आनंदांत सकाळीं चहाच्या वेळीं आम्हीं तो जाहीर केला. कोणी हंसलें नाहीं. अक्काचा चेहरा उतरला. “म्हणजे मी ह्या घरांतली नाहीं तर!” एवढेंच ती म्हणाली. भाचा आमच्याकडे वळला. “मामा, मी असतांना आईनं धर्मादाय उपचार घ्यायचे? लोकांना काय तोंड दाखवूं?” मग आईकडे पाहून त्यानें विचारलें, “आणि वर्षभर तूं मला बोलली नाहींस?” याला अक्काजवळ उत्तर नव्हतें. आपलेच दांत आणि आपलेच ओठ. कोण कोणास चावला याची वाच्यता कशी करावी? दोन दिवस त्या घरांत भांड्यांखेरीज कोणी बोललें नाहीं.

त्या दोन दिवसांत आम्हीं पुष्कळ विचार केला. घोटाळा ‘पात्र’ या शब्दांत होता. पात्र म्हटलें कीं आपल्याला दान आठवतें, आणि दान म्हटलें कीं देणाऱ्याचा हात वर व घेणाऱ्याचा खालीं. परंतु हें दान नव्हे. ज्या तिजोरींत भाच्याचा कर जातो आणि अक्काच्या यजमानांचा वर्षानुवर्षें गेला, तींतूनच हा पैसा येतो. दुसरें असें कीं, आमच्या घरांत स्त्री आयुष्यभर कोणाची तरी मुलगी, कोणाची तरी बायको आणि शेवटीं कोणाची तरी आई असते. खर्चाची गोष्ट निघाली कीं त्या ‘कोणाच्या’ तोंडाकडे ती पाहते. त्या लिफाफ्यावर मात्र केवळ तिचें स्वतःचें नांव होतें.

तिसऱ्या दिवशीं तो लिफाफा आम्हीं तिच्यापुढें ठेवला. “अक्का, हें घर तुझं नाहीं, असं सरकार म्हणत नाहीं. तुझा दांत तुझा आहे, एवढंच तें म्हणतंय.”

ती कितीतरी वेळ लिफाफा पाहत राहिली. मग म्हणाली, “माझ्याच नांवाचा कागद, आणि मी तो देवाखालीं लपवून ठेवला!” दुपारीं मुलानें अर्ज भरला, आईनें शेजारीं बसून प्रत्येक प्रश्नाचें उत्तर आपल्या तोंडानें दिलें.

पात्रता मिळाली म्हणजे सारें मिळालें असें मात्र नव्हे. तपासणी, क्षकिरणांचीं चित्रें, दांत घासून साफ करणें, भरणें, उपटणें, रूट कॅनल, कवळी हीं योजनेंत येतात. हाडांत बसवावयाचे कृत्रिम दांत किंवा केवळ शोभेसाठीं दांत पांढरे करणें हीं येत नाहींत. काढतां-घालतां येणारी अर्धी कवळी हवी तर आधीं मंजुरी घ्यावी लागते. नांव दाखल होऊन ठरलेल्या तारखेपूर्वीं केलेल्या उपचारांचे पैसे मिळत नाहींत. बिल दंतवैद्य परस्पर विमा कंपनीकडे पाठवितो. पण त्याचा दर योजनेच्या दरापेक्षां अधिक असेल तर वरचा फरक रोग्यानें द्यावयाचा, मग त्याचें उत्पन्न कितीहि थोडें असो. म्हणून खुर्चींत बसण्यापूर्वींच दर विचारावा. शिवाय पात्रता दरवर्षीं नव्यानें ठरते. ज्या वर्षीं विवरणपत्र राहिलें त्या वर्षीं योजनाहि राहिली.

विम्याच्या अटीचा कांटा आम्हांला अक्काच्या एका मैत्रिणीमुळें कळला. तिच्या यजमानांस निवृत्तिवेतनाबरोबर दांतांचा विमा घेण्याची मुभा होती. हप्ता वाचावा म्हणून त्यांनीं तो घेतला नाहीं. आतां विमा नाहीं म्हणून ते अर्ज करूं गेले तर उत्तर आलें, विमा घेतला कीं नाहीं हा प्रश्न नसून घेतां येत होता कीं नाहीं हा प्रश्न आहे. 11 डिसेंबर 2023 पूर्वीं निवृत्तिवेतनांतला असा विमा सोडून बसलेल्या आणि पुन्हां आंत शिरण्यास मज्जाव असलेल्यांना सूट आहे. यांना दार उघडें होतें, म्हणून सूट नाहीं.

आम्ही परत निघेपर्यंत अक्काची एक दाढ निघाली होती, दोन भरल्या होत्या आणि अर्ध्या कवळीच्या मंजुरीची वाट पाहणें चाललें होतें. जी दाढ निघाली ती वर्षापूर्वीं दाखविली असती तर वांचली असती, असें दंतवैद्य सहज बोलून गेला. तें ऐकून भाचा खालीं मान घालून उभा राहिला. सरकारनें कुटुंब लहान धरलें म्हणून अक्काला उपचार मिळाले, हें खरें. परंतु तें दुखणें वर्षभर झांकून राहिलें तें आमच्या मोठ्या कुटुंबांत, भरल्या ताटापुढें, हेंहि तितकेंच खरें. याला कोणत्याहि योजनेंत भरपाई नाहीं.

पुढें दिवाळींत अक्काचा फोन आला. कवळी बसली होती. सुरुवातीला टोंचली, मग घासून घेतली. “भाकरी कोरडी खाल्ली रे,” ती म्हणाली. “आणि हा आतां रोज रात्रीं विचारतो, आई, काय दुखतंय का? नाहीं म्हटलं तर तोंड उघडून दाखव म्हणतो!”

मागून भाच्याच्या हंसण्याचा आवाज येत होता.