भरलेलं पान

ब्लाउजला वेळ लागतो तो मशिनवर, असं दुकानात येणाऱ्या बहुतेकींना वाटतं. पण मशिन चालवायला माणूस मिळतो. नगावर शिवणाऱ्या दोघी माझ्याकडे आहेत, हुक-काजं आणि हातशिलाई घरी नेऊन करणाऱ्या एक मावशी आहेत. काम अडतं ते कटिंगच्या टेबलावर, कारण तिथे कात्री फक्त माझ्या हातात. पैठणीचा ब्लाउजपीस साडीतूनच निघतो. काठ बाहीला किती घ्यायचा, मागच्या गळ्याला पुरेल का, हे एकदा कापलं की ठरलं. तसला दुसरा पीस बाजारात मिळायचा नाही. अस्तराचं सुती कापड आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्यावं लागतं, नाहीतर ते मागाहून आकसतं आणि वरच्या कापडाला चुण्या पडतात. आता पावसाळ्यात ते वाळायला जो वेळ लागेल तो लागेलच. तिथे कुणाचंच अर्जंट चालत नाही.

म्हणून दिवसाला किती शिवून होतील हे मी मोजत नाही. डोकं ठिकाणावर ठेवून किती कापता येतील, तेवढंच मोजते. वहीत प्रत्येक तारखेखाली तेवढ्याच ओळी आखलेल्या असतात. साध्या चार टक्सच्या ब्लाउजला एक ओळ, कटोरी किंवा प्रिन्सेस कट असेल तर दोन. पान भरलं की पुढची तारीख. कटिंग दुपारच्या जेवणाआधीच. संध्याकाळी ट्यूबलाइटखाली काळा आणि गडद निळा सारखेच दिसतात, आणि मोरपंखी कापडाला दोरा हिरवा लावायचा की निळा हे तर दारातल्या उजेडाशिवाय कळतच नाही. दिवेलागणीनंतर हुक लावावेत, पिको करावा, हिशेब करावा. कात्री उचलू नये.

‘सीझनला इलाज नाही’ असं आमच्या धंद्यात सगळेच म्हणतात. मला ते पटत नाही. भाजीवाल्याला उद्याचा भाव माहीत नसतो. आमची गर्दी मात्र पंचांगात आधीच छापून येते. आषाढीपासून कार्तिकीपर्यंत मुहूर्त बहुतेक नाहीत, तुळशीचं लग्न लागलं की धूम सुरू. २०२६चंच घ्या. अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून, म्हणजे ऐन उन्हाळ्यातला महिना लग्नाविना. त्या महिन्यातली लग्नं एप्रिलमध्ये, नाहीतर मेच्या पहिल्या पंधरवड्यात सरकणार, हे पंचांग हातात आल्याबरोबर दिसतं. ज्यांच्या घरी कार्य आहे त्यांना मी तेव्हाच सांगते, साडी नंतर घ्या हवी तर, ओळ आत्ता धरून ठेवा. अधिकात मग रोजच्या वापराचे सुती ब्लाउज, परकर आणि शाळेचे गणवेश घ्यायचे.

तरीही कुणीतरी येतंच. “काकू, एकच तर आहे, मध्ये कुठेतरी घाला ना.” मध्ये कुठेतरी म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी ओळीत, हे त्या बाईला दिसत नाही. अर्जंटचे दुप्पट पैसे घेणारे पुष्कळ आहेत. मी घेत नाही. पैसे मला मिळतात आणि उशीर होतो तिसरीलाच, जिला आपला ब्लाउज का मागे पडला हे कधी समजत नाही. नात्यातल्या बायका तर वहीकडे बघतच नाहीत, सरळ स्वयंपाकघरात येऊन बसतात. त्यांच्यासाठी महिन्याच्या पानांवर थोड्या ओळी मी मुकाट्याने मोकळ्या सोडते.

कामाच्या तासांचं म्हणाल तर, २०१७ साली राज्याचा नवा दुकाने कायदा आला, तेव्हा कामगाराला दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तास अशी मर्यादा होती, त्यावर काम केलं तर दुप्पट मजुरी. तेही दहा किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी. माझ्यासारख्या चिमुकल्या दुकानाला ती मर्यादा लागूच नव्हती, आणि मालकिणीच्या तासांबद्दल तर कुठलाच कायदा बोलत नाही. सुट्टीच्या दिवशी शटर खाली असलं तरी रात्री उशिरा गळ्यांचे फोटो फोनवर येत राहतात. म्हणून दुकानाचा फोन दुकानातच, टेबलाच्या खणात राहतो.

हे सगळं बोलायला दर मात्र बरा हवा. भरलेल्या पानातून भाडं, दोघींची मजुरी, मावशींचे पैसे, लाइटबिल आणि आपली कमाई निघत नसेल, तर वही आखून काही उपयोग नाही. रात्र जागावीच लागते. मी दर वाढवला तेव्हा काही गिऱ्हाइकं गेली. कमी दरात दुप्पट शिवणाऱ्या एक बाई स्टँडजवळ आहेत, त्यांच्याकडे ती गेली, आणि मला त्याचं वाईट वाटलं हे नाकारत नाही.

पान भरल्यावर आलेल्यांना मी मागच्या गल्लीतल्या टेलरकडे पाठवते. परवा तशीच पाठवलेली एकजण परत आली ती त्यांनी शिवलेला ब्लाउज मापाला घेऊन. मी उलटून पाहिला. मुंढ्यात एक चुणी नव्हती, उरेब पट्टी एकसारखी फिरली होती. तिला तसं सांगितलं आणि विचारलं, मग इकडे कशाला आलात? तर म्हणाली, त्यांचंही पान भरलंय.