आमदारांचा आठवडा

आमदाराचं काम काय, असं परीक्षेत विचारलं तर मुलगा 'कायदे करणे' असं लिहून दोन मार्क घेऊन जातो. उत्तर खोटं नाही. पण चंद्रपूरला एका आमदारांच्या घरासमोर मी बारा वर्षं भाड्यानं राहिलो, आणि त्या बारा वर्षांत त्यांच्या ओसरीवर कायदा मागायला आलेला एकही माणूस मी पाहिला नाही. माणसं येत ती बदली मागायला, जळालेल्या ट्रान्सफॉर्मरबद्दल सांगायला, आश्रमशाळेत पोराचा नंबर लावायला, वाघानं नेलेल्या बैलाची भरपाई विचारायला. आणि लग्नाची पत्रिका द्यायला. यातला पत्रिकावाला सगळ्यांत जोखमीचा. ट्रान्सफॉर्मर मिळाला नाही तर माणूस चार वर्षं वाट पाहतो. लग्नाला न आलेल्या आमदाराला मात्र तो पुढच्या निवडणुकीत अंतरपाटापलीकडेच उभा करतो.

म्हणून एप्रिल-मे महिन्यांत आमदारांच्या आठवड्यात वार नसत, मुहूर्त असत. सकाळी मूलला अक्षता, दुपारी सिंदेवाहीला तेरवी, संध्याकाळी वरोऱ्याला पुन्हा अक्षता. ड्रायव्हरच्या खिशात दोन रुमाल असत. एक हसऱ्या घरासाठी, एक रडत्या घरासाठी, असं तोच सांगायचा.

विधानसभेत 288 जागा. त्यांतल्या आमच्या जंगलाच्या वाट्याला नऊ : चंद्रपूरच्या सहा आणि 1982 साली त्यातून वेगळ्या झालेल्या गडचिरोलीच्या तीन. मुंबईतला आमदार सकाळी फिरायला निघाला तर वाटेत अर्धा मतदारसंघ आटोपून चहाला घरी येतो. इकडे एकट्या अहेरी मतदारसंघात अहेरी, मुलचेरा, एटापल्ली, भामरागड आणि सिरोंचा असे पाच तालुके. गडचिरोलीहून सिरोंचा दोनशे किलोमीटरच्या घरात. त्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडची वाट कितीदा तरी बंद पडलेली. आमदार काय, तिथं पोस्टमनही थांबतो.

अधिवेशनं वर्षाला तीन. दोन मुंबईला, आणि 1953 च्या नागपूर कराराच्या पुण्याईनं एक नागपूरला. मुंबईचं अधिवेशन म्हणजे आमदारांना विश्रांती, कारण तिकडे मतदार सहसा पोचत नाही. नागपूर मात्र एस.टी.च्या टप्प्यातलं. डिसेंबर लागला की आमदार निवासातल्या खोलीत आमदार सोडून सगळा तालुका झोपलेला. दिवसा तोच तालुका पास काढून प्रेक्षक गॅलरीत बसतो आणि तिथंही झोपतो. मी एकदा गेलो होतो. तारांकित प्रश्नांचा छापील कागद हाती पडला. "अमुक रस्ता रखडला आहे, हे खरे आहे काय?" उत्तर : "हे अंशतः खरे आहे." "असल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?" उत्तर : "प्रश्न उद्भवत नाही." इतक्या सभ्यपणे हात झटकणारी मराठी मी दुसरीकडे वाचलेली नाही. आमच्या चांद्याचे मारोतराव कन्नमवार 1962 साली मुख्यमंत्री झाले, तेव्हाही प्रश्न असेच उद्भवत नसत की काय, कोण जाणे.

पण रस्त्याचं नाटक विधानभवनात नव्हतं, जंगलात होतं. एका पावसाळ्यानंतर धानोऱ्याकडचे एक म्हातारबुवा ओसरीवर आले. आपल्या मतदारसंघाचे हे आमदार नव्हेत, याचा त्यांना पत्ता नव्हता आणि फिकीरही नव्हती.

"साहेब, रस्ता पायजे. सुनेला बाजेवर टाकून नेलो जी. पोरगं वाटेतच झालं."

"वाचलं?"

"वाचलं. पण दर खेपेला वाचंल का?"

साहेब नेहमीप्रमाणे पत्र लिहायला लागले आणि मध्येच थांबले. रस्ता वनजमिनीतून जाणार होता. 1980 चा वनसंवर्धन कायदा आल्यापासून जंगलातल्या जमिनीवर दुसरं काही करायचं तर परवानगी दिल्लीची. आमदाराच्या पत्राला तहसीलदार उठून उभा राहतो, सागाचं झाड राहत नाही; ते आधीच उभं असतं.

मग त्यांनी कपाटातून 2006 चा वनहक्क कायदा काढला. माझ्या देखत त्या घरात कायद्याचं पुस्तक उघडलं गेलं ते तेवढंच. त्यात एक कलम आहे. शाळा, दवाखाना, रस्ता अशा कामासाठी एक हेक्टरहून कमी वनजमीन लागत असेल आणि हेक्टरी 75 च्या वर झाडं जात नसतील, तर ग्रामसभेच्या शिफारशीवर काम होऊ शकतं.

"काकाजी, तुमच्या शेजारचंच मेंढा-लेखा. 2009 साली जंगलाचा सामूहिक हक्क त्यांनी ग्रामसभेच्या जोरावरच मिळवला. माझं पत्र घेऊन काय करता? ठराव करा."

"मंग झाडं कोण मोजन?"

"तुम्हीच."

म्हातारबुवांनी पत्रही मागून घेतलंच. आमदाराच्या घरून रिकाम्या हातानं गेलं तर गावात काय तोंड दाखवणार? ते त्यांनी युरियाच्या पिशवीच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून बंडीच्या आतल्या खिशात ठेवलं.

पुढची हकिकत ड्रायव्हरकडून कळली. झाडं मोजून झाली, आकडा 75 च्या आत बसला. पण वाटेत एक जुना मोह येत होता. तो तोडायचा की नाही, यावरून ग्रामसभा दोन दिवस बसली. बाया तिसऱ्या दिवशी टोपल्या घेऊन त्याच्याखालीच जाऊन बसल्या. रस्ता झाला. मोहाला वळसा घालून गेला आहे, आणि त्या वळणावर साहेबांची गाडी पहिल्यांदा गेली ती, अर्थात, एका लग्नाला.