सुशी आणि आपलं सोयाबीन



सुशी म्हटलं की आपण ‘मासे’ म्हणून तोंड फिरवतो. खरं तर सुशी म्हणजे शिरका, साखर, मीठ घातलेला भात. मासा असतोच असं नाही. मला आवडते ती इनारी सुशी, तळलेल्या टोफूच्या खिशात भरलेला भात. टोफू म्हणजे सोयाबीनच्या दुधाचं पनीर, आणि सोयाबीन तर आपल्या उमरीच्या शिवारातलंच!

पण हॉटेलात जपून. हा खिसा बहुधा ‘दाशी’त शिजवतात आणि त्या पाण्यात सुकवलेल्या माशाचा अर्क असतो. मासा दिसला नाही म्हणून पदार्थ शाकाहारी होत नाही. विचारायला लाजू नका. शिवाय सोबतचं आलं कंदमूळ, शिरका आणि सोया सॉस आंबवलेले.

नातवंडांना नुसतं ‘आपल्यात चालत नाही’ सांगितलं, तर ती बाहेर जाऊन खातात. म्हणून मी घरीच करते. सोयाबीन पहाटे भिजवून दुपारी वाटायचं, दूध गाळून चांगलं उकळायचं, लिंबू पिळायचं. फाटलं की फडक्यात बांधून वजनाखाली दाबायचं. काप करून तळायचे, चीर देऊन खिसा करायचा, गूळ-मिठाच्या पाण्यात थोडा शिजवायचा. आत लिंबू, साखर, मीठ, भाजलेले तीळ घातलेला मोकळा भात.

जपानच्या बौद्ध मठांतल्या ‘शोजिन’ स्वयंपाकातही मांस-मासे, कांदा-लसूण वर्ज्य आहेत. म्हणजे संयमाचं ताट तिकडेही चवीनं जेवतात. तुम्हीही करून बघा, मात्र सूर्यास्ताआधी!