कळलावीचा कंद

मराठीत 'कळ' म्हणजे वेदना आणि 'कळ' म्हणजे भांडणही. कळलावी या वेलीच्या वाट्याला हे दोन्ही अर्थ आले आहेत. पूर्वी सुईणी हिचा कंद उगाळून अडलेल्या बाळंतिणीच्या तळपायांना आणि ओटीपोटाला लेप लावीत, कळा सुरू व्हाव्यात म्हणून. हा झाला पहिला अर्थ. माझ्या आईला मात्र दुसरा अर्थ अधिक पटलेला होता. हिचे फूल उंबऱ्याच्या आत आले की घरात भांडण होणारच, अशी तिची ठाम समजूत. फूल न आणताही आमच्या घरात अधूनमधून भांडणे होतच असत. पण ते तिच्यासमोर बोलून दाखवण्याची कोणाची छाती नव्हती.

नावांची तर या वेलीला मुळीच वाण नाही. कंदाचा आकार नांगरासारखा म्हणून संस्कृतात ती लांगली. फूल पेटलेले दिसते म्हणून अग्निशिखा. आमच्या भागातले कानडी शेजारी 'अग्निशिखे' म्हणतात, म्हणजे ज्योत तीच. कोकणात गौरीच्या पूजेला ही फुले लागतात, तिथे त्यांना 'गौरीचे हात' असे सुंदर नाव आहे. लिनियसने १७५३ साली तिला 'ग्लोरिओसा सुपर्बा' असे भारदस्त लॅटिन नाव दिले. त्यात वैभव आहे, दिमाख आहे. पण आपल्या लोकांनी तिचा कंद पाहिला, ज्योत पाहिली, वेदना पाहिली आणि देवीचे हातही पाहिले. मराठीचा मास्तर असल्यामुळे असेल, मला ही नावे फुलाइतकीच आवडतात.

खानापूरच्या बाजूला मिरगाचे चार पाऊस झाले की कुंपणातून, करवंदीच्या जाळ्यांतून हिचे कोंब वर येतात. वेल म्हणावी तर तिला वेगळे ताणे नाहीत. प्रत्येक पानाचे टोकच लांब होऊन गोल वळते आणि मिळेल त्या काडीला धरते. श्रावणात फूल येते. सहा पाकळ्या, कडांना झालर, आणि सगळ्या पाठीमागे उलटून वर उभ्या. उमलताना फूल हिरवट असते, मग पिवळे, मग शेंदरी आणि शेवटी लालभडक. एकाच वेलीवर या साऱ्या पायऱ्या एकदम पाहायला मिळतात. पुंकेसर चारी बाजूंना पसरलेले आणि स्त्रीकेसराची दांडी तळाशीच काटकोनात वळून बाजूला गेलेली. स्वतःचे पराग स्वतःला लागू नयेत म्हणून केलेली ही तजवीज, असे आमचे शास्त्राचे शिक्षक सांगतात.

ही वेल बागेत लावायची तर बी पेरून चालत नाही असे नाही. पण रोपाला फूल येण्यासाठी तीन-चार वर्षे वाट पाहावी लागते. कंदाने त्याच पावसाळ्यात फुले दिसतात. म्हणून लोक कुदळ घेऊन रानात जातात. मला ते मान्य नाही. औषधांच्या व्यापारासाठी रानातले कंद आधीच फार खणले गेले आहेत आणि कंद काढला म्हणजे त्या जागची वेल संपली. तमिळनाडूत मात्र हिची शेती होते. तिथे ती राज्याचे फूल आहे आणि शेतकरी बियांसाठी तिची लागवड करतात; परागीभवनही हाताने करतात. तिकडे नोकरीला असलेल्या एका माजी विद्यार्थ्याने सुटीत येताना वर्तमानपत्रात गुंडाळून मला सहा कंद आणून दिले.

माती नाही, पान नाही, मूळ नाही. टेबलावर ते नुसते वाळक्या हाडांसारखे दिसत होते. कंद ओळखण्याची रीत सांगतो. चांगला कंद इंग्रजी व्ही अक्षरासारखा दुबेळका असतो, हाताला जड आणि टणक लागतो. सुरकुतलेला, मऊ पडलेला, बुरशी धरलेला घेऊ नये. पन्नास-साठ ग्रॅमचा असेल तर वेल जोमदार येते. शाळेच्या प्रयोगशाळेतल्या तराजूवर आम्ही सहाही कंद तोलून घेतले. पण वजनापेक्षा महत्त्वाचे ते टोक. बटाट्याला जागोजागी डोळे असतात, तसे हिचे नाही. प्रत्येक फाट्याच्या टोकाला एकच डोळा. तो मोडला की तो फाटा मेला, मग कंद कितीही गुबगुबीत असो. आमच्या सहांपैकी एकाची दोन्ही टोके प्रवासात मोडली होती. मुलांच्या आग्रहावरून तोही लावला. तो उगवला नाही, आणि मुलांना जे समजायचे ते समजले.

आमच्याकडे पाऊस फार आणि कळलावीला पाणी साचलेले खपत नाही, कंद कुजतो. म्हणून लाल मातीत वाळू आणि जुने शेणखत मिसळून वीतभर उंच वरंबा करावा. जूनच्या आरंभी त्यात कंद आडवा ठेवून वर दोन-तीन बोटे माती ओढावी. शेजारी बारीक काड्यांचा आधार आधीच रोवावा, कारण जाड बांबू पानाच्या टोकाला कवेत घेता येत नाही. आणि नंतर रोवायला गेले तर काठी नेमकी कंदात जाते. मग दोन-तीन आठवडे धीर धरावा. उकरून पाहू नये. मुख्याध्यापकाला ही शेवटची सूचना रोज सकाळी प्रार्थनेनंतर द्यावी लागली.

हे सारे शाळेच्या मागच्या वाफ्यात चालले होते. फुले आली तशी ती पाहायला माणसेही आली, आणि एक दिवस एक पालक माझ्यासमोर येऊन उभे राहिले. ''सर, शाळेत विष कशाला लावलंत?''

प्रश्न रास्त होता. आयुर्वेदाने लांगलीची गणना उपविषांत केली आहे. कंदात आणि बियांत कोल्चिसिन नावाचे द्रव्य असते. ते पोटात गेले तर काही तास काहीच कळत नाही. मग घशाची आग, उलट्या, जुलाब, आणि पुढे एकेक अवयव निकामी होत जातो. रताळे किंवा कोनफळ समजून हा कंद खाल्ल्याने माणसे दगावल्याच्या नोंदी आपल्या देशात आहेत, श्रीलंकेत आहेत. शेंग तडकली की आतले लाल दाणे मुलांना खुणावतात ते वेगळेच. वेल उपटून टाकणे हाच सरळ मार्ग होता, आणि शाळा समितीच्या बैठकीत तो सुचवलाही गेला.

मी त्यांना एवढेच विचारले, की आमची मुले ज्या वाटेने चालत शाळेत येतात त्या वाटेवरच्या कुंपणातली वेल कोण उपटणार? ही रानात हिंडणारी मुले आहेत. करांदे शोधतात, कंद भाजून खातात. त्यांचे रक्षण वाफा मोकळा करून होणार नाही. हा कंद कोणता, हे त्यांना डोळे मिटूनही सांगता आले पाहिजे. विषाची ओळख पाठ्यपुस्तकातल्या चित्रावरून होत नाही.

बराच वेळ चर्चा झाली. अखेर ठरले ते असे. वाफ्याला जाळीचे कुंपण आणि कुलूप. आत जायचे ते नववी-दहावीच्या मुलांनी, शिक्षकांसोबत, हातमोजे घालून. शेंगा पिकण्याआधी खुडायच्या. काढलेले कंद मोजून, वहीत नोंद करून, प्रयोगशाळेत आम्लाच्या बाटल्यांच्या कपाटात बंद ठेवायचे. आणि लहान वर्गांना कुंपणाबाहेरूनच शिकवायचे: पाने अशी, कंद असा, कोणी खाल्लाच तर त्रास होण्याची वाट न पाहता ताबडतोब दवाखाना, आणि सोबत झाडाचा तुकडा, म्हणजे डॉक्टरांना चटकन कळेल. तो प्रश्न विचारणारे पालकच पुढे जाळी ठोकायला आले. त्यांच्या मळ्याच्या बांधावर ही वेल किती वर्षे होती, हे त्यांना त्या दिवशी आमच्या वाफ्याशेजारी उभे राहिल्यावर उमगले.

विष म्हणून जे द्रव्य मी सांगितले, तेच डॉक्टरांच्या हातून मोजक्या मात्रेत संधिवाताच्या एका प्रकारावर, गाऊटवर, औषध ठरते. पेशींचे विभाजन रोखण्याच्या त्याच्या गुणामुळे वनस्पतींतील गुणसूत्रे दुप्पट करता येतात, हे १९३७ साली दाखवले गेले, आणि बिनबियांचे कलिंगड त्याच वाटेने आले. मारणारे आणि तारणारे एकच. फरक मात्रेचा आणि जाणत्या हाताचा. सुईणींचा लेप आज कोणी वापरू नये हे उघड आहे. पण त्या बायकांनी या कंदाची ताकद ओळखली होती, याबद्दल माझ्या मनात आदरच आहे.

हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा कळलावी पिवळी पडून वाळू लागली असेल. पुष्कळांना वाटते, वेल मेली. तसे नसते. लावलेला जुना कंद पावसाळाभर झिजून रिकामा होतो, आणि वेल वर फुलत असताना खाली नवा दुबेळका तयार होत असतो. वेल पूर्ण वाळल्यावर बाजूने माती सैल करून, टोके सांभाळत तो काढावा. सावलीत सुकवावा, राख लावून कोरड्या वाळूत ठेवावा. फाटे जोडाशी कापून वेगळे केले तर एकाच्या दोन वेली होतात. मे महिन्यापर्यंत त्याला पाणी नको, उजेड नको, आपली लुडबुडही नको.

आमच्या वहीत गेल्या वर्षी नोंद झाली ती नऊ कंदांची. दोन मागायला एक गृहस्थ आले होते. त्यांना कंद दिले, पण आधी त्यांच्या घरी लहान मुले किती आणि कुंपण कसे आहे, हे विचारून.