अडगावचे इराणी

मोठेबाबा पहिल्याच ओळीशी उकिडवे बसले आणि बोटानं माती उकरून पाहू लागले. "बापू, एक कुंदा नाही इथं. हराळी बी नाही." साठ वर्षं तणाशी भांडण्यात घालवलेल्या माणसाचं ते कौतुक होतं. खडकीच्या वॉर सिमेट्रीत आलेली माणसं दगडावरची नावं वाचतात. आमचे मोठेबाबा दगडाचं बूड पाहत होते.

तिथं जायचं काही ठरलेलं नव्हतं. चुलतभाऊ खडकीच्या दारूगोळा कारखान्यात आहे, त्याच्या नातीच्या बारशाला आम्ही अकोल्याहून महाराष्ट्र एक्स्प्रेसनं आलो होतो. दुपारी घरात बायकांची गर्दी झाली आणि आम्हा दोघांना चहा पाजून बाहेर काढण्यात आलं. होळकर पुलाच्या रोखानं चालत निघालो, तर मुळा रस्त्यावर हे फाटक लागलं. उघडं होतं, म्हणून शिरलो.

आत हिरवळ, आणि हिरवळीत तिफणीनं पेरावेत तसे सरळ ओळीत उभे दगड. कोणत्याही ओळीच्या तोंडाशी उभं राहावं, नजर थेट दुसऱ्या टोकाला जाते, मध्ये एकही दगड तिरका नाही. दुसऱ्या महायुद्धातली १,६६८ माणसं इथं आहेत. त्या युद्धाचा गोळा काही पुण्या-नाशकाकडे पडला नव्हता. यातले कितीतरी हिवतापानं, अपघातानं, लष्करी दवाखान्याच्या खाटेवर गेलेले असणार. युद्धात गेले एवढं खरं, पण लढता लढता गेले असं सगळ्यांबद्दल म्हणता येत नाही. वयं मात्र वाचवत नाहीत. एकवीस, तेवीस, वीस. आमच्याकडे या वयाचं पोरगं स्पर्धा परीक्षेच्या क्लाससाठी अमरावतीला खोली करून राहतं आणि दर शनिवारी एसटीनं डबा मागवतं.

मी मोठेबाबांना सांगितलं, इथं हुद्द्यावरून दगड लहानमोठा करत नाहीत. १९१७ साली लंडनात युद्धातल्या कबरींच्या कामासाठी कमिशन स्थापन झालं, तेव्हापासूनचा तो नेम. अधिकारी असो की साधा शिपाई, उंची सारखी. मोठेबाबांनी मान डोलावली. "म्हंजे पाटील बी तेवढाच आन् सालदार बी तेवढाच. मेल्यावर का होईना." 

दगडाच्या तळाशी घरच्यांना आपलं एखादं वाक्य कोरून घेता येई. पहिल्या महायुद्धानंतर त्याला मर्यादा होती ६६ अक्षरांची, त्यात शब्दांमधली जागाही धरलेली. पोराबद्दल आईला काय सांगायचंय ते ६६ घरांत बसवायचं! आणि ज्यांची ओळखच पटली नाही, त्यांच्या दगडांसाठी शब्द निवडून दिले रुडयार्ड किपलिंगनं. या माणसाशी आपलं जरा शेजारपण आहे. त्याचा मोगली ज्या रानात वाढला ते शिवनी आपल्या नागपूरच्या उत्तरेला, दोन-तीन तासांच्या वाटेवर. साम्राज्याचे गोडवे गाणारा हा लेखक. युद्धाच्या बाजूनं बोलला आणि डोळे अधू असलेल्या पोराला ओळखी वापरून सैन्यात घातलं. तो जॉन १९१५ साली लूसच्या लढाईत गेला, अठरा वर्षांचा. बापाच्या हयातीत त्याची कबर सापडली नाही. निनावी दगडांसाठी शब्द शोधताना त्यातला एक आपल्या घरचा असेल, हे त्याच्या मनात आल्यावाचून राहिलं नसेल.

एका बाजूला पहिल्या महायुद्धातल्या मृतांचं स्मारक आहे. अठराशेहून जास्त नावं. ही माणसं हिंदुस्थानात ठिकठिकाणच्या छावण्यांत पुरलेली. पुढं तिथल्या कबरींची देखरेख होण्याची खात्री उरली नाही, म्हणून नावं इथं आणली. मला हे कारण फार प्रामाणिक वाटलं. आठवणीलाही माळी लागतो, पाइप लागतो, महिन्याचा पगार लागतो. आमच्या परतवाड्यालाही एके काळी पलटणीची छावणी होती.

पण सगळ्यांना सारखं लेखायच्या कमिशनच्या त्या नेमालाही बगल देण्यात आली होतीच. मेसोपोटेमियात कुतच्या वेढ्यात आपल्या मराठा पलटणी अडकल्या होत्या. १०३वी, ११०वी, ११७वी. २९ एप्रिल १९१६ ला कुत पडलं. तिकडे मेलेल्यांसाठी बसऱ्याला स्मारक बांधलं, चाळीस हजारांवर माणसांचं. त्यावर गोऱ्या शिपायाचं नाव आहे. हिंदी शिपायांचा पलटणीवार नुसता आकडा कोरला. दगड कमी पडला म्हणावं, तर तसंही नव्हतं. कमिशननं त्याबद्दल माफी मागितली ती २०२१ साली.

हे ऐकून मोठेबाबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "आपल्या अडगावले बी लढाई झाली म्हन्तात ना?"

झाली होती. तेल्हारा तालुक्यातलं अडगाव मोठेबाबांच्या शेतापासून सायकलच्या पल्ल्यावर आहे. २९ नोव्हेंबर १८०३ ला अडगाव-सिरसोलीच्या मैदानात नागपूरकर भोसले आणि शिंद्यांच्या फौजेशी आर्थर वेलस्ली लढला; तोच, ज्यानं पुढं वॉटर्लूला नेपोलियनला हरवलं. त्याच्याकडे दूर स्कॉटलंडच्या डोंगरातले शिपाई होते, मद्रासेकडचे होते. भोसल्यांच्या बाजूनं चालून आलेल्या एका पायदळाबद्दल तो लिहितो की हे लोक इराणी असावेत असा समज आहे. ते स्कॉटिश पलटणींवर तुटून पडले आणि कापले गेले. 'असावेत.' कोण होते, अरब की खरेच इराणी, कोणाच्या घरचे, कशापायी हिंदुस्थान गाठून वऱ्हाडच्या काळ्या मातीत पगारी लढायला आले, कोणी विचारलं नाही. पंधरा-सोळा दिवसांत गाविलगड पडला, १७ डिसेंबरला देवगावचा तह झाला, वऱ्हाड निजामाकडे गेला. अडगावच्या शिवारात कोणाच्या धुऱ्याखाली कोण आहे, याची नोंद सातबाऱ्यावर होत नाही.

मोठेबाबांना सगळं सांगून झालं, तेव्हा माळी पाइप ओढत दुसऱ्या ओळीला चालला होता. त्याला पाहत मोठेबाबा म्हणाले, "नोव्हेंबरची अखेर म्हन्लास?"

"हो. २९ तारीख."

"तवा ज्वारी कापाले आलेली रायते. कनीस भरते, रातभर राखन लागते." ते थांबले. बोटं त्यांनी धोतराला पुसली. माती तिथली चांगली होती, पण काळी नव्हती.

"एवढे घोडे, एवढ्या तोफा आल्या म्हन्तोस. मंग थ्या ज्वारीचं काय झालं?"

मला सांगता आलं नाही. बारशाचे फोन यायला लागले होते.