उंबऱ्यापाशी बसलेले ठोकळे

आमच्या शिवाजी पेठेतल्या घरात भिंतीवरचं घड्याळ वरचेवर बंद असायचं. त्यातला पेन्सिल सेल ब्रिक गेममध्ये गेलेला असायचा. दुसरा टीव्हीच्या रिमोटमधला. नव्वदच्या दशकात महाद्वार रोडवरच्या एका गाड्यावरून घेतलेलं ते तळहातात मावणारं खेळणं. खोक्यावर ९९९९ खेळ लिहिलेले, पण आम्हाला एकच ठाऊक: वरून उतरणारे ठोकळे. रांग भरली की ती नाहीशी व्हायची.

कोपऱ्यावर व्हिडिओ गेमचं पार्लर होतं. भाऊ तिथं पडीक असे. मी मुलगी, मला दारातून डोकावायचीही सोय नव्हती, मग आईची गोष्टच सोडा. ब्रिक गेम मात्र घरात आला आणि दोनच दिवसांत आईचा झाला. दुपारची भांडी झाली की ती सोप्यात उंबऱ्यापाशी बसे. पडद्याला स्वतःचा उजेड नव्हता, म्हणून दाराचा उजेड लागे. कुणी हाक मारली तर मान वर न करता म्हणायची, "एवढी रांग भरू दे, मग च्या टाकतो."

फार नंतर गुनपेई योकोईबद्दल वाचलं. निन्टेंडो कंपनीतला हा माणूस. शिंकानसेन गाडीत एक कंटाळलेला प्रवासी कॅल्क्युलेटरची बटणं उगाच दाबत बसलेला त्याला दिसला. त्यातून १९८० साली 'गेम अँड वॉच' आला, खेळ आणि घड्याळ एकाच डबीत. (आमच्याकडे खेळासाठी घड्याळच थांबवावं लागे.) खिशात जॉयस्टिकचा दांडा मावत नाही, म्हणून त्याच मालिकेतल्या १९८२ च्या 'डाँकी काँग'मध्ये त्यानं अधिकच्या चिन्हासारखं बटण बसवलं. आज महागड्या खेळयंत्रांच्या कंट्रोलरवरही तसंच बटण असतं.

योकोईचा विचार मला फार जवळचा वाटतो: जुनं, स्वस्त झालेलं तंत्र घ्यायचं आणि त्याला नवं काम द्यायचं. १९८९ चा गेम बॉय तसाच होता. पडदा हिरवट, रंग नाही, आत दिवा नाही, पण चार सेलवर तो दहा-पंधरा तास चाले. सेगाच्या गेम गिअरला रंग होते, दिवा होता. त्याचे सहा सेल काही तासांत संपत. गेम बॉय आणि त्याचं रंगीत भावंड मिळून ११ कोटी ८० लाखांहून जास्त खपले. अमेरिकेत गेम बॉयसोबत टेट्रिस दिला होता, म्हणजे आमचाच तो ठोकळ्यांचा खेळ. १९८४ साली मॉस्कोत अलेक्सी पाजित्नोवनं तो रचला तेव्हा त्याच्या संगणकाला चित्रं काढता येत नव्हती. ठोकळे त्यानं कंसांच्या चिन्हांनी उभे केले. त्या खेळाला ना भाषा लागते, ना वय. म्हणूनच तो नकला होत होत आमच्या सोप्यापर्यंत पोचला.

पुढं १९९७ साली नोकियाच्या फोनमध्ये सापाचा खेळ आला, आणि आज जगभरच्या खेळांच्या कमाईत जवळपास निम्मा वाटा मोबाइलचा आहे. त्याचं श्रेय मोठ्या पडद्यांना देऊ नये. पार्लरची पायरी जिला कधी चढता आली नाही, तिच्या हातात खेळ गेला, तिथूनच हा धंदा वाढला.

कपाट आवरताना जुना ब्रिक गेम सापडला तर भंगारवाल्याला देऊ नका. दोन सेल घाला आणि आईच्या हातात द्या.